नेल्सनं अंडी घातली

डलूथ, ३ नोव्हेंबर

हार्लन,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मला पत्रं लिहायची सवय नाही आणि तुला वाचायची नाही, तेव्हा दोघंही जरा कळ काढू.

काल डेलच्या बायकोचा फोन आला होता. म्हणाली, "इर्मा, रागावू नकोस हं, पण हार्लन आमच्याकडे कधीपर्यंत आहे? राहू दे की, माझं काही म्हणणं नाही, पण त्या खोलीत माझं शिवणाचं मशीन आहे." मी म्हटलं, छप्पर घालून झालं की येईल. तर ती हळूच म्हणते, "अगं, छप्पर होऊन पंधरवडा झाला."

मी फोन धरून तशीच उभी. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मिसेस हॅगबर्ग, अर्धे केस कापलेले, अर्धे तसेच. तिला वाटलं, कुणी तरी गेलं. "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "हार्लन. म्हणजे तसा नाही गेला, मॉन्टानाला गेलाय." तिला काही कळलं नाही. मला तरी कुठे कळलंय?

का गेलास? सरळ विचारते. सख्ख्या भावाचं, डेलचं छप्पर घालायला दोन शर्ट घेऊन निघालास, मी वाटेत खायला सँडविच बांधून दिले, तू गाडीतून हातही हलवलास. भांडण नाही, आदळआपट नाही. तो आख्खा आठवडा मी चाळून काढला. सोमवारी मीटलोफ केला होता. मंगळवारी तू गाडीचं तेल बदललंस. बुधवारी तुझ्या माशांची अंडी परत वाया गेली. गुरुवारी कचऱ्याची गाडी आली. आता यात नवरा घर सोडून जाईल असं काय आहे ते मला दाखव.

आणि ते तुझे मासे! तळघर भरून टाक्या ठेवून गेलायस, त्यांना खायला कोण घालणार? मीच. नेल्स आणि हिल्डानं टाकीतल्या त्या उभ्या दगडी पाटीवर परत अंडी घातली आहेत. स्वतःच्या आईबापांची नावं माशांना देणारा माणूस जगात तू एकटाच. आत्ताच त्यातली काही अंडी पांढरी दिसायला लागली आहेत. काय करायचं ते कळव, आणि का गेलास तेही कळव.

इर्मा

डलूथ, १९ नोव्हेंबर

हार्लन,

कार्ड मिळालं. पुढे गव्याचं चित्र. मागे तुझं अक्षर: "थोडं पाणी बदल. नवं पाणी जुन्याइतकंच कोमट हवं. पांढरी अंडी काढून टाक, नाही तर बाकीच्यांना बुरशी लागेल. निळ्या औषधाचे दोन थेंब."

झालं? मी दोन प्रश्न विचारले होते. एकाचं उत्तर आलं. तेही माशांच्या.

बरं, ती अंडी तोवर गेलीच होती, पण पुढची घातली तेव्हा तू सांगितलंस तसं केलं. निळं औषध माझ्या बोटांना लागलं, ते जाईना. रविवारी चर्चमध्ये कॉफी वाढायला उभी राहिले तर पाद्रीबाई माझ्या हातांकडे बघत राहिल्या. आणि एवढं करून उपयोग काय? तिसऱ्या दिवशी पाटी पांढरीफटक. नेल्स आणि हिल्डा आळीपाळीनं पंखांनी वारा घालतायत, कुणी जवळ आलं की धावून जातायत, माझ्या बोटालासुद्धा काचेमागून ढुशी मारली. आणि मग संध्याकाळी दोघांनी मिळून सगळी अंडी खाऊन टाकली. मला इतकं वाईट वाटलं! मी म्हटलं, अगं इर्मा, मासे आहेत ते, तुला काय झालंय?

आता मला कळलं, अंडी गेली की तुझं तोंड सुतकी का व्हायचं. तेव्हा मी कॉफी आणि दालचिनीचा केक घेऊन खाली यायचे, त्या पत्र्याच्या स्टुलावर बसायचे, आणि म्हणायचे, जाऊ दे, पुढच्या वेळी होईल. आता मी खाली बसते आणि मला कुणी केक आणून देत नाही.

गिऱ्हाइकं विचारतात, हार्लन दिसत नाही? मी छप्पर सांगते. आख्ख्या गल्लीला वाटायला लागलंय की डेल घर नाही, राजवाडा बांधतोय. किती दिवस सांगू?

इर्मा

डलूथ, १४ डिसेंबर

हार्लन,

दुसरा गवा मिळाला. "पाणी जास्त कठीण, क्षारांचं असेल. पावसाचं किंवा बर्फाचं पाणी मिसळून बघ." मध्ये पाठवलेल्या चिठ्ठीत मी एवढं मोठं लिहिलं होतं की मी रोज ताटं दोनच मांडते आणि मग एक उचलून ठेवते. त्यावर तुझं उत्तर काय, तर पाणी कठीण आहे.

परवा दुपारी गारठ्याचं वादळ आलं. पाऊस पडतापडता गोठला, तारा तुटल्या, लाइट गेले. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? तळघरातले हीटर! स्वतःच्या जिवाचं नाही, पाइप फुटतील हेही नाही. धावत खाली गेले. टाक्या गार पडायला लागल्या होत्या, मासे तळाशी जाऊन बसले होते.

मी तुझ्या आईनं शिवलेल्या सगळ्या गोधड्या खाली नेल्या. हो, लग्नातलीसुद्धा, जी आपण कधी वापरायची नाही असं ठरवलं होतं. टाक्यांभोवती गुंडाळल्या, दोरीनं बांधल्या. वर गॅस चालू होता, म्हणून पाणी तापवून बाटल्या भरल्या आणि एकेक टाकीत सोडल्या. गार झाली की काढ, तापव, सोड. जिना चढ, जिना उतर. माझे गुडघे तुला माहीत आहेत. शेजारचा स्वेन मेणबत्त्या द्यायला आला तर मी नेल्स-हिल्डाच्या टाकीला मिठी मारून बसलेली. तो दारातच थबकला. "सगळं ठीक ना, इर्मा?" मी म्हटलं, "दिसत नाही का? ऊब देतेय!"

लाइट आले तेव्हा सगळे जिवंत होते. एकही मेला नाही. मी इतकी खूश झाले की तुला सांगायला वर धावले. फोन हातात घेतला आणि मग आठवलं.

मला तुझा राग येतो. मग तुझी आठवण येते. मग परत राग येतो, आठवण आली म्हणून. हे असं किती दिवस चालायचं असतं, तुला काही कल्पना आहे का?

आणि हो, कालच परत अंडी घातली. बर्फ वितळवून पाणी घातलंय. बघू.

इर्मा

डलूथ, २० जानेवारी

हार्लन,

खुर्चीत बसला असशील तर बरं, नसशील तर बस. तुझ्या वडिलांनी अंडी घातली.

थट्टा नाही. बर्फाच्या पाण्यातली अंडीही वाया गेली होती, म्हणून या वेळी मी ठरवलं, सुरुवातीपासून जागचं हलायचं नाही, कुठे माशी शिंकते ते बघायचंच. सकाळची गिऱ्हाइकं पुढे ढकलली. हिल्डा पाटीपाशी आली, पोट टेकवून खालून वर गेली, मागे अंड्यांची ओळ. ठीक. मग नेल्स आला. आता नरानं त्या ओळीवरून नुसतं जायचं असतं, एवढं मी आता शिकलेय. तर नेल्सनं शेजारी दुसरी ओळ काढली! स्वतःची! मी चष्मा पुसला. परत हिल्डा, परत नेल्स. दोघंही घालतायत. मी मोठ्यानं म्हणाले, "नेल्स, अहो, हे काय?" जणू सासरेबुवाच समोर आहेत.

तशीच कोट चढवून तुमच्या मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात गेले. तुला माहीतच आहे, महिन्याची सभा सेंट ओलाफ चर्चच्या तळघरात भरते. मला कुणी ओळखत नव्हतं. आर्डिस म्हणून ती जाडी बाई, पूर्वी शाळेची बस चालवायची, ती माशांच्या पिशव्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावत होती. मी माझी हकिगत सांगितली. सगळे हसले. आर्डिस हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू हार्लनची बायको ना? अगं, मी त्याला मागच्या उन्हाळ्यातच सांगितलं होतं. दोन्ही माद्या आहेत. नर नसला की आपसात जोडी जमवतात. अंडी घालतात, राखण करतात, सगळा संसार करतात, फक्त अंडी फळत नाहीत. मी माझा नर द्यायला तयार होते. तर म्हणाला, नको."

"नको?"

"नको म्हणाला. आणि वर म्हणाला, इर्माला सांगू नकोस."

मी गाडीत येऊन बसले आणि गाडी सुरू करायचं विसरले.

तुला माहीत होतं! उन्हाळ्यापासून माहीत होतं, आणि मला तू पाणी, बुरशी, निळं औषध सांगत राहिलास? पत्रातसुद्धा? मी बर्फ वितळवत बसले, गुडघे मोडून घेतले, आणि तुला माहीत होतं की काहीही केलं तरी व्हायचं नाही? मला वेडी ठरवायचं होतं का? माझं डोकं चालेनासं झालंय. नर का नाही घेतलास? माझ्यापासून का लपवलंस? या वेळी गव्यामागे पाण्याबद्दल लिहिलंस तर कार्ड फाडून चुलीत घालीन.

इर्मा

डलूथ, ९ फेब्रुवारी

हार्लन,

या वेळी गवा नाही, नुसता डोंगर. आणि मागे एकच ओळ: "अंडी पांढरी पडली की तू खाली यायचीस."

ही ओळ मी स्वयंपाकघरात वाचली, मग पुढच्या खोलीत वाचली, मग तळघरात जाऊन वाचली. आधी हसू आलं, मग रडू आलं, मग मिसेस हॅगबर्ग आली आणि तिच्या केसांना रंग लावताना परत रडू आलं. तिनं विचारलं, "इतकी वाईट दिसतेय का मी?"

अरे माणसा! बायको शेजारी बसावी असं वाटलं तर माणूस काय म्हणतो? म्हणतो, ये, बस. दोन शब्द. त्याला काय पैसे पडतात? तू त्याऐवजी माशांचे संसार बुडवलेस! मी केक घेऊन खाली येते, म्हणून अंडी नासलेलीच बरी? एका घरात इतकी वर्षं राहून तुला असं का वाटलं की मी नुसतं बोलावलं तर येणार नाही?

की मी आले नसते? दुपारभर मी हाच विचार करतेय. खरंच कळत नाही.

आणि तो बुधवार. आता माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या बुधवारी तू खालून म्हणालास, "इर्मा, परत गेली." मी दिवसभर उभी होते, पाय ठणकत होते, मी जिन्यावरूनच ओरडले, "फेकून दे आणि जेवायला ये, निवतंय." एवढंच ना? कुठलीही बाई म्हणेल ते म्हणाले. तू आलास, जेवलास, आणि आठवड्याभरात छप्पर घालायला गेलास. हे कारण आहे? हे? मी तुझ्या जाण्याला कुठलीकुठली कारणं शोधली, दुसरी बाई, आजार, कर्ज, आणि निघालं काय, तर मी जिना उतरले नाही!

जिना वरपण चढता येतो, हार्लन. तू कधी चढलास? मी पुढच्या खोलीत केस झाडत असायचे तेव्हा तू कधी आलास शेजारी बसायला?

मी आर्डिसकडून नर आणतेय. का, ते विचारू नकोस, मलाही ठाऊक नाही. पण एकदा तरी ती अंडी फळलेली मला बघायची आहेत.

इर्मा

डलूथ, १२ एप्रिल

हार्लन,

दोन महिने तुझं कार्ड नाही. माझंही पत्र नाही, कारण माझे हात भरलेले होते.

नर आणला, मोठा काळा, कपाळावर टेंगूळ असलेला. नेल्सला दुसऱ्या टाकीत हलवलं. (नेल्सला आता नेल्सच म्हणतेय, सवय जात नाही.) हिल्डानं पहिल्याच दिवशी त्या नराचा पंख फाडला. आर्डिस म्हणाली, मध्ये काच घाल, एकमेकांना नुसतं बघू दे. काच घातली. हिल्डा आठवडाभर कोपऱ्यात जाऊन नेल्सच्या टाकीकडे तोंड करून उभी. मी तिला म्हटलं, "बाई, मला कळतंय गं, पण आता काय करणार?" शेवटी वळली. काच काढली, अंडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी खाल्ली. पांढरी नव्हती! चांगली होती, मी डोळ्यांनी पाहिली, आणि खाल्ली. मी टाकीसमोर उभी राहून त्यांना वाट्टेल ते बोलले. स्वेननं नंतर विचारलं की पाहुणे आलेत का.

पुढच्या वेळी मी अंड्यांसकट पाटीच काढून घेतली. लोणच्याच्या मोठ्या बरणीत ठेवली, हवेची नळी सोडली, निळं औषध घातलं. आणि हार्लन, ती पांढरी पडली नाहीत. प्रत्येकात एक काळा ठिपका आला. मग शेपट्या. पाटीला चिकटून सगळ्या शेपट्या एकदम वळवळत होत्या. मी स्टुलावर बसून तोंड दाबून घेतलं. शेजारी कुणी नव्हतं. तू का नव्हतास? तू ते कधीच पाहिलं नाहीस, इतकी वर्षं, आणि मी एकटीनं पाहिलं. हा न्याय आहे का?

मग मरायला लागली. खायला जास्त घातलं तर पाणी नासून मरतात, कमी घातलं तर उपाशी मरतात. त्यांच्यासाठी सोड्याच्या बाटलीत मिठाच्या पाण्यात जिवंत किडे उबवावे लागतात, ते तर पिल्लांपेक्षाही नाजूक. काही पिल्लं फिल्टरनं ओढून घेतली, मग मी नळीला चर्चला जाताना घालायचा माझा मोजा बांधला. इतकं करून ओंजळभर जगली. आता प्रत्येक पिल्लू नखाएवढं आहे आणि अंगावर पट्टे आलेत.

तुला सांगावंसं वाटलं. बस.

इर्मा

डलूथ, १० मे

हार्लन,

तुझं कार्ड आलं. "पिल्लं झाली? महिनाअखेरीस येतो बघायला. तोपर्यंत फिल्टर धुऊ नकोस."

येतो. हा शब्द मी ऑक्टोबरपासून ऐकायला बसलेय. तो वाचला आणि माझा हात आपोआप केसांकडे गेला. मग पुढचा शब्द वाचला. बघायला. पिल्लं बघायला.

दोन दिवस माझं हेच चाललं होतं. मनात म्हणायचे, येतोय तर येऊ दे, इर्मा, कारण कशाला बघतेस? मग मनच म्हणायचं, तो येईल, बाजूच्या दारानं सरळ खाली जाईल, स्टुलावर बसेल, आणि तू वरून हाक मारशील, आणि परत तेच. मग वाटायचं, निदान घरात तरी असेल. मग वाटायचं, पण मी कुठे असेन? या कुशीवरून त्या कुशीवर, आणि उत्तर काही सापडेना.

काल क्लबाचा वसंतातला लिलाव होता. तुमच्यात रीत आहे ना, पहिल्यांदा पिल्लं वाढवणाऱ्यानं त्यातली काही क्लबाला द्यायची, आणि उभं राहून कसं जमलं ते सांगायचं. आर्डिसनं माझं नाव पुकारलं. सगळे वळून बघतायत. मी म्हटलं, "नवरा गेला, म्हणून जमलं." आधी कुणी हसलं नाही, मग मीच हसले, मग सगळं तळघर हसलं आणि टाळ्या पडल्या. मला टाळ्या! आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि मला तुझ्याकडे वळून बघायचं होतं.

मग मी स्वेनला हाक मारली. त्याच्या ट्रकमध्ये बाकीचं सगळं होतं. क्लबाला थोडी पिल्लं द्यायची असतात, मी सगळी दिली. तो काळा नर आर्डिसला परत केला. मग टाक्या, हीटर, नळ्या, पाट्या, बरण्या, तो स्टूलसुद्धा. आर्डिस माझा दंड धरून म्हणाली, "इर्मा, शुद्धीवर आहेस ना? आत्ता तर कुठे तुला जमायला लागलंय!" मी म्हटलं, "म्हणूनच." तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलं नव्हतं, पण लिलाव पुकारणाऱ्यानं पुकारायला सुरुवात केली होती. नेल्स आणि हिल्डाला मात्र मी विकलं नाही. ती आर्डिसकडे आहेत, एकाच टाकीत. पिशवीतून सोडल्याबरोबर दोघी एकमेकींशेजारी जाऊन उभ्या राहिल्या म्हणे.

आज सकाळी मी तळघर झाडून धुतलं. इतका आवाज होता तिथे पाण्याचा आणि हवेचा, एवढ्या वर्षांत त्या वादळाखेरीज कधी बंद नव्हता. आता काही ऐकू येत नाही. मी जिन्यावर थोडा वेळ बसले आणि घाबरले, आपण काय करून बसलो म्हणून.

हे पत्र आजच टाकतेय, म्हणजे तू निघायच्या आत तुझ्या हातात पडेल. मला तुला फसवून आणायचं नाही. तू आलास तर बरं वाटेल की नाही ते मी सांगू शकत नाही, आणि नाही आलास तर काय वाटेल तेही नाही. पण एवढं तुला माहीत असायला हवं. खाली बघायला आता काही नाही, हार्लन. वर मी आहे. पुढच्या दारानं ये.

इर्मा